काफाची तिरकी रेघ

माझ्याकडे बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे आहेत आणि त्यांत बिल्ले आहेत. जुनी नाणी जमवणारा माणूस म्हटलं की लोकांना मोहरा, होन, शिवराया आठवतात. माझ्याकडे तसलं काही नाही. नांदेडच्या बंद पडलेल्या कापडगिरणीत हजेरीला टाकायचे पितळी बिल्ले आहेत, टांगेवाल्यांच्या परवान्याचे आहेत, जिनिंगमधल्या कामगारांचे भोक पाडलेले गोल तुकडे आहेत, शाळांच्या शर्यतीतली गंजलेली पदकं आहेत. एका वेगळ्या डब्यावर मी स्केचपेनने ‘खोटं’ असं लिहून ठेवलंय. त्यात कधीच चलनात नसलेली नाणी आहेत. एका बाजूला राम-लक्ष्मण-सीता आणि दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचं नाव. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला विलायतेची राणी. एका बाजूला चारमिनार आणि मागे बसलेला नंदी. असली नाणी कुठल्याच टांकसाळीत पडली नाहीत. बाजारात विकायला कुणीतरी ओतली. जाणकार त्यांना फँटसी म्हणतात. लोक भक्तिभावाने देवघरात ठेवतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जातो आणि परत येताना दर वेळी मला अपराध्यासारखं वाटतं. पिशवीत खाली बिल्ला आणि वर कोथिंबीर असते. बायकोला हे सगळं ठाऊक आहे, तिने कधी अडवलेलं नाही, तरी मी कोथिंबीर वर ठेवतो. गुरुद्वाऱ्यात दर्शनाला गेलो आणि जोडाघरात चपला दिल्या की हातात जो पितळी बिल्ला पडतो, तो परत करताना माझी बोटं चटकन सैल होत नाहीत. सेवा करणारे सरदारजी एकदा हसून म्हणाले होते, “चपला पाहिजेत की हेच?” त्या दिवशी मी घरी येईपर्यंत मान वर केली नाही. माझा स्वभावच असा आहे. पण आज जे सांगायचंय ते जिंकल्याचं आहे, आणि ते सांगायलाही मला थोडं चोरट्यासारखं वाटतंय, कारण सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

आमचं मूळ गाव देवणीजवळ. तिथे माझी आत्या राहते. नवरा लवकर गेला तेव्हा ती लहान लेकरू घेऊन माहेरी आली आणि तिथेच राहिली. आता ऐंशीच्या घरात आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा आत्तेभाऊ, शेती करतो. त्यांच्या घरात बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर एक तमगा असतो. तमगा हा आत्याचाच शब्द. पदक तिने कधी म्हटलं नाही. निजामाच्या काळात उदगीरकडे जनावरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात आमच्या पणजोबांच्या देवणी जातीच्या वळूला तो मिळाला, असं आत्या लहानपणापासून सांगत आली. “इनाम भेटलं व्हतं आमाला,” हे तिचं वाक्य. पोळ्याला ती तो तमगा गोंड्यांच्या माळेत ओवून बैलाच्या कपाळावर बांधायची. बैल विकावे लागले त्या वर्षांत मातीच्या बैलाला बांधायची.

गावात मात्र ही गोष्ट कुणी खरी मानत नव्हतं. गाव म्हणायचं, वळू पाटलाचा होता. तुमच्या आज्याने नुसता कासरा धरला होता, म्हणून त्यालाही एक बिल्ला मिळाला. आमच्या वस्तीतल्या माणसाचा वळू पहिला आला असेल हे गावाच्या डोक्यात बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याही बसत नव्हतं. शिवाय ‘इनाम’ या शब्दाने घोटाळा केला होता. आमच्या भागात इनाम म्हटलं की जमीन. माझे वडील आणि चुलते त्या इनामाचा शोध घ्यायला तहसिलात हेलपाटे घालून थकले. जमीन सापडली नाही, तेव्हा तमग्याची गोष्टही खोटीच असणार असं घरात ठरून गेलं. आत्या तेवढी आपल्या शब्दावर राहिली. तिने पणजोबांना पाहिलं होतं. लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून त्या तमग्याशी खेळली होती.

यंदा पोळ्याच्या आधी आत्तेभावाने तमग्याचा फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, “दादा जाणकार आहेत, त्यांनी सांगावं.” मी ऑफिसात होतो. फोटो अंधुक होता, तमग्यावर हळद-कुंकवाचा थर होता. एका बाजूला चारमिनार दिसला, दुसऱ्या फोटोत बैल दिसला. माझ्या ‘खोटं’ लिहिलेल्या डब्यात असले तुकडे पडलेले आहेत. जाणकार म्हटल्यामुळे मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करतो. मी लिहिलं, “ही फँटसी आहे. बाजारात मिळतात अशी.” आणि फायलीत डोकं घातलं.

त्या शब्दाने काय केलं ते मला पोळ्यानंतर कळलं. लातूरची चुलतभावंडं आत्याला फँटसी आत्या म्हणू लागली होती. चेष्टाच होती, तिच्या तोंडावरही करायची. मग आत्तेभावाचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला की आईने यंदा तमगा बांधला नाही. नवा गोऱ्हा घेतलाय, चांगला देवणी, पहिलाच पोळा होता त्याचा, तरी बांधला नाही. काढून पेटीत ठेवून दिला. मी काही बोलायच्या आत त्याने फोन तिच्याकडे दिला.

“बाबा, फँटसी म्हंजे काय रे?” आत्याने विचारलं.

मी म्हणालो, खोटं असं नाही, म्हणजे जे कधी नव्हतंच त्याचं केलेलं नाणं.

“म्हंजे आज्जा नव्हताच का आमचा?”

येत्या शनिवारी येतो, एवढंच म्हणालो.

कंधार, मुखेड करत उदगीरला आणि तिथून जीपने देवणी. सगळा वेळ मी मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. घरात शिरलो तर आत्याने माफी मागू दिली नाही. पाणी दिलं, पेटीतून तमगा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “आता बघ. फोटो बघून कुनी सोयरीक करतंय का?”

हातात घेतला आणि माझं मला कळलं. वजनच सांगत होतं. फँटसी नाणी ओतीव असतात. त्यांच्या अंगावर बारीक खड्डे असतात आणि कडेला साच्याचा जोड दिसतो. हा ठोकलेला होता. कडा स्वच्छ, चित्राची रेघ धारदार. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर होतं, ऐन. मराठी तीनचा आकडा आरशात दिसावा तसं असतं ते. उर्दूतलं मला तेवढं एकच अक्षर येतं, कारण निजामाच्या नाण्यांवर ते असतं. बाजारातले तुकडे बनवणाऱ्याला तेही येत नाही, तो सरळ आपला तीन कोरून मोकळा होतो. इथे ऐन होतं. मी उलटा केला. माझ्या डब्यातला नंदी पाय दुमडून बसलेला असतो, गळ्यात माळ, पाठीवर झूल. हा बैल उभा होता. अंगावर काही नाही. कान लांब, लोंबते. गळ्याखालच्या कातडीची पोळी गुडघ्यापर्यंत आलेली. जनावर बघणाऱ्या माणसाने काढलेलं चित्र होतं ते.

“हा नंदी न्हाई आत्या,” मी म्हणालो. “हा देवणी आहे.”

“मग मी काय म्हनून ऱ्हायले इतकी वर्षं?”

बैलाच्या पायाखाली ठोकलेल्या अक्षरांची एक ओळ होती आणि त्याखाली हाताने कोरलेली दुसरी. दोन्ही उर्दूत, दुसरी बरीच झिजलेली, वर कुंकू बसलेलं. तमगा लातूरला नेतो म्हणालो तर आत्याने साफ नाही म्हटलं. तमगा गावाबाहेर जाणार नव्हता. मग मी पातळ कागद वर ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा काढला. तो वहीत ठेवून लातूरची गाडी धरली.

लातूरला भुसार बाजारात माझे एक मित्र आहेत. लिंगायत, धान्याचे व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. जमवण्याचं वेड दोघांना सारखंच, पण त्यांना देवादिकांचं, मला कामगारांचं. गादीवर बसल्या बसल्या मी ठसा दाखवला. अप्पांनी चष्मा लावला, काढला, उठून आत गेले आणि देवघरातून एक तमगा घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी मोडीत आलेला म्हणून घेतला होता आणि नंदी म्हणून पुजला होता. आम्ही दोन्ही शेजारी ठेवले. तोच बैल, तेच कान. इतकंच नाही, बैलाच्या मागच्या पायाशी तमगा ठोकायच्या छाप्याला गेलेला एक बारीक तडा होता, तोही दोन्हीकडे तिथेच. एकाच छाप्याने ठोकलेले दोन तमगे. मी जमवायला लागल्यापासून असं कधी माझ्या नशिबी आलं नव्हतं.

अप्पांनीच मला एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे नेलं. उर्दू शाळेत त्यांचा जन्म गेलेला. अप्पांच्या दुकानातून त्यांच्याकडे वर्षाचं धान्य जातं, तेवढ्या ओळखीवर आम्ही एक तमगा आणि एक ठसा वाचायला घेऊन दारात उभे राहिलो. मॅडमनी चहा ठेवायला सांगितला आणि आधी अप्पांचा तमगा घेतला.

“नुमाइश-ए-मवेशियाँ,” त्यांनी वरची ओळ वाचली. “जनावरांचं प्रदर्शन. आणि खाली हाताने कोरलंय, इनाम-ए-सोयम. तिसरं. पुढचं झिजून गेलंय.”

मग मॅडमनी माझा कागद घेतला. वरची ओळ तीच होती. खालच्या कोरलेल्या ओळीवर त्या थांबल्या. “इनाम-ए-अव्वल.”

मी हळूच विचारलं की इनाम म्हणजे, जमीन किती ते लिहिलंय का. मॅडम हसायला लागल्या. “तुम्हा लोकांना इनाम म्हटलं की सातबारा दिसतो. अहो, इनाम म्हणजे बक्षीस. पहिलं बक्षीस. एवढंच.”

एवढंच. माझ्या वडिलांचे आणि चुलत्यांचे सगळे हेलपाटे या एवढ्याशा शब्दापायी झाले होते. आत्या कधीच खोटं बोलली नव्हती. तिने ऐकलेला शब्द जसाच्या तसा सांगितला होता. आम्हीच त्याच्यात जमीन घातली.

अप्पा म्हणाले, “म्हणजे आमच्या देवघरात तिसरा आलेला बैल बसलाय.”

“उभा आहे,” मी म्हणालो.

“असू द्या. नंदी तो नंदी. नंबरावरून काय देव लहान-मोठा होतो?” पण मान हलवत होते, आणि मला म्हणाले, “तुमच्या आत्याला सांगू नका हां.”

मॅडम मात्र हसणं थांबवून त्याच कोरलेल्या ओळीच्या पुढच्या शब्दांवर वाकल्या होत्या. त्यांनी आमच्या गावाचं नाव वाचलं. मग पणजोबांचं नाव वाचलं, जरा अडखळत, पण तेच. मला रडू येईल असं वाटलं. नावाच्या आधी एक शब्द होता, तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

“मी तुम्हाला फसवणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा शब्द मालिक असू शकतो. किंवा मुलाजिम.”

मालिक म्हणजे मालक. मुलाजिम म्हणजे नोकर. गाव एक म्हणत होतं आणि आत्या दुसरं, आणि दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने होत होती. त्यांनी मला कागदावर दोन्ही शब्द लिहून दाखवले. पहिलं अक्षर दोन्हीत मीम, म्हणजे म. मधल्या उभ्या रेघा झिजून एकीत एक मिसळलेल्या, ठशात नीट उठत नव्हत्या. “शेवटचं अक्षर बघा. त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर ते काफ. मग मालिक. डोक्यावर काही नसेल आणि खाली शेपूट लोंबत असेल तर मीम. मग मुलाजिम. कागदावर ती जागा कोरी आलीय. तमग्यावर काहीतरी भरलंय तिथे.”

काय भरलं होतं ते मला माहीत होतं. इतक्या पोळ्यांचं कुंकू.

रात्री लातूरलाच बहिणीकडे राहिलो आणि मला कबूल केलं पाहिजे की परत न जाण्याचा विचार माझ्या मनात आला. पहिलं बक्षीस निघालं, नाव निघालं, एवढ्यावर आत्या खूश झाली असती. त्या एका शब्दाचं मी सांगितलं नसतं तर तिला कधीच कळलं नसतं. गाव काही उर्दू वाचायला येणार नव्हतं. पण फोटोवरून निकाल देऊन मी एकदा तिला तमगा पेटीत ठेवायला लावला होता. आता अर्धं वाचून दुसरा निकाल द्यायचा धीर मला झाला नाही.

रविवारी सकाळी देवणीला पोचलो आणि आत्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. इनामाचं ऐकून ती नुसती “हाव” म्हणाली, जणू मी तिला तिचं वय सांगितलं. मालिक-मुलाजिमचं सांगताना माझा आवाज उतरला.

“आत्या, नोकर असं निघालं तर?”

“निघू दे.”

“राहू दे म्हणालीस तर मी हात लावणार नाही.”

“मी पाह्यलंय त्याला,” आत्या म्हणाली. “वळू त्याच्या हातची भाकर खायचा, दुसऱ्या कुनाला अंगाला हात लावू द्यायचा न्हाई. तू काढ काय काढायचं ते.”

जमवणाऱ्यांचा एक नियम आहे, जुन्या धातूला घासायचं नाही. चिंच, राख, पावडर काही लावायचं नाही. लावलं की चकाकी येते आणि अक्षर जातं. घाण काढायची तर धातूपेक्षा मऊ टोकाने. मी आत्तेभावाला बांधावरच्या बाभळीचा काटा आणायला सांगितलं. अंगणात उन्हाला पाठ करून बसलो, तमगा असा धरला की उजेड तिरपा पडावा. कुंकू पाण्याने भिजवलं आणि काट्याने कणाकणाने उचलायला लागलो. आत्या समोर जात्यावर बसली होती, जातं काही दळत नव्हतं. आत्तेभाऊ उभाच होता. गोऱ्हा दाव्याला झटके देत होता.

आधी खालची बाजू मोकळी झाली. शेपूट नव्हतं. पण मला विश्वास बसेना, झिजलंही असेल. मग मी वर सरकलो. तिथे कुंकू दगडासारखं झालं होतं. काटा मोडला, दुसरा घेतला. लाल चूर बोटाला लागत होता. आणि मग एका जागी काटा खाली उतरला, घळीत उतरावा तसा, आणि वाट धरून आपोआप वर गेला. तिरका.

आणखी पाणी टाकलं, फुंकर मारली. अक्षराच्या डोक्यावर, उजवीकडे झुकलेली, कोरणाऱ्याने एका दमात ओढलेली रेघ. कुंकवाखाली होती म्हणूनच ती झिजली नव्हती. खालचे, उघडे राहिलेले वळसे हाताळून हाताळून पुसले होते. ही जशी कोरली तशी होती. दर पोळ्याला आत्या बोटाने कुंकू लावत आली तेव्हा तेच अक्षर झाकून ठेवत आली होती.

फोटो काढून मॅडमना पाठवला. या वेळी उन्हातला, नीट. उत्तर यायला वेळ लागला नाही. त्यांनी मराठीतच लिहिलं होतं: “काफ आहे. मालिक. तुमच्या आत्यांना माझा सलाम.”

मी ते मोठ्याने वाचलं. आत्याने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. उठली, पेटीतून गोंड्यांची माळ काढली आणि मुलाला म्हणाली, गोऱ्ह्याला धू. तो म्हणाला, आई, पोळा होऊन गेला. आता पुढच्या साली बांधू.

“पुढल्या सालचं कुनी पाह्यलंय? धू त्याला.”

त्या दुपारी आमच्या गावात बिनपोळ्याचा पोळा झाला. शिंगांना रंग नव्हता, झूल नव्हती. गोऱ्ह्याच्या कपाळावर तमगा, एका बाजूने आत्तेभाऊ, दुसऱ्या बाजूने मी, आणि कासरा आत्याने स्वतः धरलेला. गोऱ्हा बुजत होता, तिला ओढत होता, ती सोडत नव्हती. वस्तीतून निघालो ते वेशीपर्यंत गेलो. लोक ओट्यावरून बघायला लागले. वेशीजवळच्या चहाच्या टपरीवर पाटलांच्या घरातले सध्याचे थोरले बसले होते, माझ्याच वयाचे. भला माणूस आहे. पण गोष्ट त्यांच्याही घरात त्यांच्याच बाजूने सांगितली गेलेली.

“काय मावशी, आज कशाचा पोळा?” त्यांनी विचारलं.

आत्या थांबली. गोऱ्ह्याच्या कपाळावरचा तमगा तिने बोटाने उचलून धरला.

“लिव्हलेलं हाय,” ती म्हणाली. “मालक.”

मला सगळं समजावून सांगायचं होतं. नुमाइश, अव्वल, काफ, सगळं. मी तोंड उघडलंही होतं. पण पाटील उठले, जवळ आले, वाकून तमगा बघितला. वाचता येत नव्हता त्यांना, तरी बघितला. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून हात पुसले आणि गोऱ्ह्याच्या पाठीवर हात ठेवला.

“लिव्हलेलं हाय तर हाय,” ते म्हणाले. “आमच्या आज्याने सांगितलं ते वेगळं सांगितलं. चहा घ्या मावशी.”

आत्याने उभ्यानेच चहा घेतला, कासरा दुसऱ्या हातात धरून.

घरी आल्यावर ती म्हणाली की मोबाईलवर लिहिलेलं ते फँटसी पुसून टाक. मी म्हणालो, इतक्या दिवसांनी ते पुसता येत नाही, तिथेच राहणार. तिला ते पटलं नाही, लिहिणाऱ्याला पुसता येत नाही म्हणजे काय. मग म्हणाली, “बरं, त्याच्याच खाली लिव्ह.” मी माझाच जुना संदेश शोधला आणि त्याच्या खाली उन्हातला फोटो, मॅडमचं उत्तर आणि “माझी चूक झाली” असं लिहिलं. आत्याने ते वाचून घेतलं. शेवटचं वाक्य कशाला लिहिलंस म्हणाली, ते काढ, नुसता पहिला नंबर लिही. मी पहिला नंबर लिहिला. चुकीचं वाक्यही ठेवलं. तेवढं तिचं ऐकलं नाही.

परतीच्या गाडीत अप्पांचा फोन आला. आपला तिसरा नंबर देवघरातच ठेवणार आहेत, पण पुढच्या पोळ्याला तो घेऊन देवणीला यायचं म्हणतात, पहिल्याच्या दर्शनाला. फक्त आत्याने त्याला नंदी म्हणू द्यावं, एवढी अट आहे. मी आत्याला विचारून सांगतो म्हणालो. माझ्या नखांत कुंकू होतं. नांदेड येईपर्यंत ते तसंच होतं, आणि पिशवीत या वेळी वरखाली काही लपवायला नव्हतं.